तहसीलदाराची सर्दी

"मी आता जे सांगून राहिलो, त्यावर तुमच्यातला एक बी जण विश्वास ठेवणार नाही," देवराव म्हणाले. उरलेला चहा त्यांनी बशीत ओतला, फुंकर घातली, एक भुरका मारला आणि मगच पुढचं वाक्य सोडलं. "यंदाचा अख्खा नवतपा मी कूलर न लावता काढला."

नागपुरातल्या इंदोऱ्याच्या त्या दोन खोल्यांच्या घरात जमलेल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. देवरावांनी आयुष्यात याहून मोठाल्या थापा मारल्या होत्या. मिलमध्ये असताना त्यांनी एका हातानं चार माग थांबवले होते. अंबाझरी तलाव ते मगरीच्या पाठीवर बसून ओलांडून आले होते, आणि काठावर उतरताना मगरीला 'जपून जा' म्हणाले होते. लोक ऐकत, 'हो का' म्हणत, मान डोलावत. पण मे अखेरचे ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस, नागपूर, आणि कूलर बंद? ऐकणाऱ्याच्या सहनशक्तीलाही काही माप असतं.

"बाबा," त्यांचा मुलगा प्रेमानंद म्हणाला, "आज तरी सरळ बोला. आज निकाल आहे."

निकाल होताच. फेब्रुवारीत देवराव न्हाणीत घसरून पडले आणि पहाटे पाचपासून आठपर्यंत तिथंच फरशीवर पडून राहिले. दूधवाल्यानं कण्हणं ऐकलं म्हणून कळलं. हाड मोडलं नव्हतं, पण प्रेमानंदनं फर्मान काढलं: ब्याऐंशी वर्षांच्या माणसानं एकटं राहायचं नाही, प्रताप नगरला आमच्याकडे यायचं, चौथ्या मजल्यावर. देवरावांनी ते फर्मान सुपारीसारखं गालात धरून ठेवलं आणि महिनाभर चघळत राहिले. शेवटी वर्ध्याहून सिंधूताई आल्या. देवरावांची थोरली लेक, दोन वर्षांपूर्वी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. त्यांनी तोड काढली. प्रेमानंदची मुलगी रोशनी मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला. तिला कंपनी दोन महिने हैदराबादला धाडत होती, आणि तिच्या कासवाला ठेवायला जागा नव्हती.

"साठ दिवस हा जीव सांभाळून दाखवा," सिंधूताई म्हणाल्या होत्या. "एकट्यानं. धडधाकट परत दिला, तर तुम्ही याच घरात राहाल. नाही तर प्रताप नगर."

'एकट्यानं' हा शब्द प्रेमानंदनं घालायला लावला होता. शेजारीपाजारी आज आहेत, उद्या नाहीत, असं त्याचं म्हणणं.

तर आज एकसष्टावा दिवस. जूनची तीन तारीख, सकाळचे नऊ, आणि आताच पत्र्यावर पापड भाजून निघेल असं ऊन.

परीक्षेचा विषय, म्हणजे ते कासव, अंगणात जास्वंदीच्या सावलीत उभा होता. जेवणाच्या डब्याएवढा, मातकट पिवळा, चेहऱ्यावर नाराजी. रोशनीनं त्याचं नाव कोको ठेवलं होतं. देवरावांनी दुसऱ्याच दिवशी ते बदलून तहसीलदार केलं. "काम सांगितलं का मुंडी आत," हे त्यांचं कारण.

रोशनीनं त्याला उचललं, डोळे पाहिले, नाक पाहिलं, शेपटीखाली पाहिलं, सोबत आणलेल्या काट्यावर ठेवलं. "जाताना एक किलो तीनशे चाळीस होता. आता एक किलो पाचशे दहा! आजोबा, तुम्ही तर कमाल केली. माझ्या मित्रानं देश सोडताना मला दिला, तेव्हा पहिले दोन महिने मला काहीच जमत नव्हतं."

"म्हणजे पास," देवराव म्हणाले आणि बशी खाली ठेवली.

"थांबा," प्रेमानंद म्हणाला. "कूलरचं काय ते सांगा आधी. काहून नाही लावला?"

हा प्रश्न विचारायला नको होता. देवरावांना गोष्ट सांगायला बोलावणं म्हणजे वळूला गवताचं आमंत्रण. त्यांनी मांडी बदलली, धोतराचा सोगा सारखा केला.

"रोशनीनं मले दोन पानं लिहून देल्ली होती. घास कोणता, पाणी किती, सारं. मी ती एका बैठकीत पाठ केली. त्यात एक वाक्य होतं, याले गरम ठेवा. आता मले सांगा, नागपुरात, एप्रिल-मे महिन्यात, कोणाले गरम ठेवा लागते का? मले वाटलं, पोरगी घाईत होती, 'थंड' लिहाच्या ठिकाणी 'गरम' लिहून गेली. मोठ्या माणसानं लेकराची चूक सुधाराव. मी त्याले कूलरसमोर ठेवलं."

"कूलरसमोर?" रोशनी किंचाळली.

"ऐक ना वं! नवीन खस लावली होती. पाव्हणा होता तो. उशाले कांदा ठेवला, उन्हाची लू लागू नये म्हणून. कैरीचं पन्हं केलं, पण त्यानं त्याच्यात फक्त पाय धुतले. पाच हप्ते अशी बरदास्त मी माह्या जावयाची बी नाही ठेवली."

"आजोबा, तो आफ्रिकेतल्या कोरड्या माळावरचा आहे! त्याला ऊनच लागतं! ऊन नसलं तर त्याला खाल्लेलं पचत नाही. थंड ओली हवा म्हणजे त्याला न्यूमोनिया!"

"तेच झालं ना," देवराव शांतपणे म्हणाले. "शिंकून राहिला. नाकातून बुडबुडे. डोळे मिटलेले. चार दिवस घास नाही. मी म्हटलं, काय तहसीलदार, रजेवर का?"

रोशनीचा चेहरा उतरला. पाच मिनिटांपूर्वी ती आजोबांच्या बाजूची होती. आता कासव छातीशी धरून ती सरळ बापाच्या शेजारी जाऊन बसली. प्रेमानंदला अचानक मिळालेल्या या मताचा आनंद लपवता आला नाही.

"झालं मग," तो म्हणाला. "ताई, ऐकलंस ना? जीव जाता जाता वाचला. मेघा, बाबांच्या कपड्यांची पेटी काढ."

त्याची बायको मेघा दारात बसली होती. ती उठली नाही, नकारही दिला नाही. सासऱ्यांच्या गोष्टीत मध्येच उठू नये, शेवट बदलतो, हे तिला सत्तावीस वर्षांत समजलं होतं.

"मिलचा भोंगा वाजल्याबिगर पाळी सुटत नव्हती," देवराव म्हणाले. "गोष्ट अर्धी आहे अजून. मी काय केलं? सायकल काढली. तहसीलदाराले पुढच्या टोपलीत बसवलं, डोक्यावर ओला दुपट्टा, त्याच्या बी आन् माह्या बी. दुपारचे बारा वाजून एकेचाळीस मिनिटं. सात किलोमीटर. चौकात शिपायानं अडवलं. म्हणे, टोपलीत कोण? म्या म्हटलं, तहसीलदार आहेत, तब्येत बरी नाही. त्यानं शिट्टी मारली ना बाप्पा! चारही बाजूची गाड्याघोडी थांबवली, सलाम ठोकला आन् म्हणे, जाऊ द्या सायबाले."

मेघाला हसू फुटलं. रोशनी हसली नाही, पण तिची कासवावरची पकड जरा सैल झाली.

सिंधूताई मात्र कपाळाला हात लावून ऐकत होत्या, आणि 'बारा वाजून एकेचाळीस' ऐकताच त्यांच्या मनात टाचणी टोचावी तसं झालं. बापाची थाप ओळखायची त्यांची एक जुनी खूण होती. खरी गोष्ट सांगताना बाबा अडखळत, तारखा विसरत, मध्येच गप्प होत. छप्पन साली तेराव्या वर्षी पांढरा सदरा घालून वडिलांचा हात धरून दीक्षेला गेलो, एवढं सांगताना अजूनही त्यांचा आवाज बसायचा. त्या एका गोष्टीत त्यांनी आयुष्यात कधी मीठमसाला टाकला नाही. पण थाप? थापेत मिनिटं मोजलेली असत.

"डॉक्टर काय म्हणाला?" रोशनीनं विचारलं.

"त्यानं सात इंजेक्शनं लिहून देल्ली, आन् मले झाडलं. म्हणे, बाबा, याचा कूलर बंद. सकाळचं कोवळं ऊन, मग सावली. रोज वीस मिनिटं कोमट पाण्यात बसवा, हनुवटीपर्यंत, वर नाही. दुपारी निजाले एक फुटकं मडकं आडवं गाडून द्या, माती जराशी ओली. तसं केलं मी. आता प्रश्न कूलरचा. निजाची खोली एकच. रात्री त्याले अंगणात सोडाव, तर मांजरी. अन् खोलीत ठेवाव, तर कूलर चालत नाही. मग मी आन् तो, आमी दोघं त्या खोलीत, तेवीस दिवस, कूलरबिगर. मी घामानं एवढा भिजो, का एके सकाळी तोच मले पाहून म्हणे, देवराव, तुमीच बसा कोमट पाण्यात."

प्रेमानंद आपल्या बापाकडे वेगळ्याच नजरेनं पाहत होता. घरी एसी दहा मिनिटं बंद पडला तर तो वीज कार्यालयात तीनदा फोन करायचा. तेवीस दिवस! कसलंही खोटं बोलणारा माणूस, पण त्या खोलीतला कूलर खरोखर कोरडा होता. त्यानं आल्या आल्या टाकीत बोट घालून पाहिलं होतं. तळाला वाळकी धूळ होती.

"ताई," तो हळू आवाजात म्हणाला, "ज्या माणसानं नवतपा असा काढला, त्याले मी काय सांभाळणार? तोच मले सांभाळील."

"आणि एक विचारू का, बाबा?" मेघा पहिल्यांदाच बोलली. "तुम्ही आमच्याकडे आलात, तर हे... हे साहेबही येतील?"

"येईलच. माह्याबिगर तो जेवत नाही आता. रोशनीनं मागितला तरी मी देत नाही."

"हॉलमध्ये एसी असतो आमच्या."

"बंद ठेवा लागंल ना, पोरी. डॉक्टरनं सांगितलं आहे."

मेघानं नवऱ्याकडे पाहिलं. "मला वाटतं," ती म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाला आपल्या जागेतून हलवू नये."

एका दमात देवरावांनी दोन मतं फिरवली होती. रोशनीचं तिसरं, तेही ढासळत होतं, कारण तहसीलदारानं तिच्या मांडीवर ओलं केलं होतं आणि रोशनीच्या मते ते मूत्रपिंडं उत्तम असल्याचं लक्षण होतं. उरल्या सिंधूताई.

त्यांना हो म्हणायचं होतं. पण फेब्रुवारीपासून वर्ध्याला पहाटे पाच वाजता त्यांना आपोआप जाग येत होती. फोन उशाशी. आठ वाजेपर्यंत तो वाजला नाही की मगच जीव भांड्यात पडायचा. कासव जगलं, ठीक. कासव पडलं तर पाठीवर पडतं आणि कोणीतरी सुलटं करतं. यांना कोण करणार?

त्या उठून अंगणात गेल्या, तशी बाकीची मंडळीही मागोमाग आली. मडक्याशेजारी ताटली होती. चिवळीची भाजी, शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं, सगळं बारीक, एकसारखं कातरलेलं.

"हा पाला कोण चिरतं, बाबा?"

"मी. रोज पहाटे चार सतराले उठतो."

चार सतरा. सिंधूताईंनी ताटलीकडे पुन्हा पाहिलं. आई गेली त्या आठवड्यात बाबांनी वांगी चिरली होती. एकेक फोड विटेएवढी.

तेवढ्यात मधल्या कुंपणाच्या फटीतून भीमाबाई आत आल्या. शेजारची चौऱ्याहत्तर वर्षांची विधवा. चाळीस वर्षं भाजीबाजारात बसलेली, हातात पदराखाली झाकलेली कसलीशी जुडी. अंगणभर माणसं बघून त्या जागच्या जागी थबकल्या.

"जयभीम, सिंधू. कधी आलीस वं?" मग कासवाकडे पाहून, नाटकात पहिल्यांदाच उभी राहिलेली बाई बोलते तशा आवाजात, "अगा मायं! हे काय जनावर आहे? मी तर कधी पायलं बी नाही."

देवरावांनी डोळे मिटून घेतले.

"कासव आहे, मावशी," सिंधूताई म्हणाल्या. "बाबांनी एकट्यानं वाढवलं. पालक खाऊ घालून."

"पालक?" भीमाबाई उसळल्या. चाळीस वर्षांचा धंदा उसळला. "पालक कोण देते त्याले? मुतखडा होते पालकानं! चिवळ आन् हिरवा घास देतो आपण, आन् काकडी फक्त..." त्या थांबल्या. "असं आइकलं बा, कोणाकडून तरी."

रोशनी आणि मेघा एकमेकींकडे बघू लागल्या. प्रेमानंदला अजून काही कळलं नव्हतं. त्याला नेहमीच वेळ लागायचा.

"शेजारधर्म," देवराव घाईनं म्हणाले. "कधीमधी जुडी आणून देते. त्याले मदत म्हणत नाही. डाकवाला बी घरी येते, म्हणून तो काय पोसते का मले?"

"बाबा, सदरा काढा," सिंधूताई म्हणाल्या.

"काय?"

"सदरा. पाठ दाखवा."

असा आवाज ऐकून वर्ध्यात दोन पिढ्या मुकाट्यानं हात पुढे करत आल्या होत्या. देवरावांनी सदरा काढला. बनियन वर गेली. ब्याऐंशी वर्षांची ती पाठ सुरकुतलेली होती, पण साफ. घासून उपडी घातलेल्या परातीसारखी. एक पुळी नाही, एक लाल ठिपका नाही.

"प्रेमू, तू सातवीत होतास त्या वर्षी आपली मोटर जळली होती. सहा दिवस कूलर नव्हता. आठवते?"

"आठवते ना. अंगभर घामोळं. आईनं मुलतानी माती थापली होती, आन् बाबा तर झोपतच नव्हते."

"सहा दिवसांत. आणि आता तेवीस दिवसांत एक घामोळं नाही."

"कासवाच्या संगतीनं कातडी निबर होते," देवराव म्हणाले. "शास्त्र आहे ते."

सिंधूताईंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. त्या भीमाबाईंकडे वळल्या आणि अगदी साध्या, चहा विचारावा तशा आवाजात म्हणाल्या, "मावशी, तुमच्या कूलरमध्ये पाणी कोण भरते?"

नागपुरात हा साधा प्रश्न नाही. संध्याकाळी नळी धरून टाकी भरणं हे कोणालाच नको असलेलं काम, आणि घराघरात त्याचा एकच कायदा: जो हवा खाईल, तो पाणी भरेल.

"देवरावजीच भरतात," भीमाबाई म्हणून गेल्या. "होळीपासून. मले कुठं बादली उचलते आता? ते भरतात, मी पोळ्या..." आणि त्यांनी पदर तोंडावर धरला. पण पदराच्या वरचे डोळे मुळीच शरमलेले नव्हते. उलट, बरं झालं बाई एकदाचं, असं म्हणत होते.

प्रेमानंदनं आ वासला. "होळीपासून? मग बाबा, एप्रिलमध्ये या खोलीतला कूलर कोणासाठी चालू होता?"

उत्तर भीमाबाईंनीच दिलं, आता लपवायला उरलं काय म्हणून. "कोणासाठी? गल्लीसाठी! कूलरचा आवाज येऊन राहिला का लोकायले वाटते, देवराव घरात निजून आहे. रात्रभर चालू ठेवून माह्याकडे येत. त्याच्यापायीच त्या मुक्या जिवाले सर्दी झाली. मी त्यायले किती बोलली! मीच म्हटलं, बंद करा तो कूलर, लोकं बोलतील ते बोलतील. आन् डॉक्टरकडे मीच नेलं, ऑटोनं. सायकल कुठची? सायकलचं चाक दिवाळीपासून पंक्चर आहे."

मेघानं पदराआड हसू दाबलं. रोशनीनं दाबलंही नाही. प्रेमानंद एकदा बापाकडे, एकदा कुंपणाच्या फटीकडे बघत राहिला. तिथून जाणारी वाट एका माणसाच्या रुंदीची, दोन्ही बाजूंनी झिजून गुळगुळीत झालेली.

सिंधूताईंना मात्र फेब्रुवारीतली ती फरशी दिसत होती. मग होळी. मधे किती दिवस? वीस-बावीस. म्हणजे आपण वर्ध्याला अंधारात उशाशी फोन घेऊन जागत होतो, तेव्हा इथं भिंतीपलीकडे कोणीतरी रोज रात्री बाबांचा खोकला ऐकत होतं, सकाळी उठले की नाही ते पाहत होतं, वर गरम पोळी वाढत होतं. आणि हा माणूस ते सांगायला लाजत होता! मगरीवर बसल्याचं साऱ्या गावाला सांगितलं, आणि हे नाही.

"ताई," प्रेमानंद घुसमटत म्हणाला, "अट मोडली ना मग. एकट्यानं ठरलं होतं. बाबांची पेटी भरायची का नाही? तू सांग."

देवरावांनी सदरा उलटा-सुलटा न बघताच डोक्यातून घातला. गळ्यातून बाहेर आलेल्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच भीती होती. ते दारातून आतल्या खोलीकडे बघत होते, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे बघत होते, कुंपणाकडे मात्र बघायचं टाळत होते. तरी सवय कुठं जाते?

"सर्दीचं सोड," ते म्हणाले. "सायकलचं बी सोड. पण सिंधू, एवढं तर तुले मान्य करा लागंल. साठ दिवस, साठ रात्री, मी या घरात एकट्यानं..."

"खोटं!" सिंधूताई एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, की तहसीलदारानं मान आत घेतली. "साफ खोटं, बाबा. साठातली एक रात्र बी तुम्ही एकटे नव्हते. म्हणून तर ठेवून राहिली तुम्हाले इथंच."